लहान स्टेज, मोठे स्पीकर

वाचण्याआधी

मंडळाच्या कार्यक्रमात गाणारा समोर दिसतोय, पण गाण्याचे शब्द ऐकू येत नाहीत, असं तुमच्या बाबतीत कधी झालंय का? हा अनुभव इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एका बेस गिटार वाजवणाऱ्याचा आहे. मध्ये एक छोटा हिशेब येईल. पुढे वाचण्याआधी तो कागदावर स्वतः करून बघा.

१. काकूंचे गुडघे

मी मिल्टन कीन्सला राहतो. दिवसा कॉम्प्युटरची नोकरी आणि महिन्यातले दोन शनिवार बेस गिटार. आमचा वाद्यवृंद पाच जणांचा आहे: पेटी, तबला, ढोलकी, कीबोर्ड आणि मी. गणपती, दिवाळी, गुढीपाडवा, कोणाची साठी, कोणाचं बारसं, जिथे बोलावतील तिथे आम्ही वाजवतो. जागा ठरलेल्या असतात. चर्चचा हॉल, शाळेचा हॉल, नाहीतर कम्युनिटी सेंटर. स्टेज असलंच तर जेमतेम चार मीटर रुंद, लाकडी आणि आतून पोकळ. नसलं तर खाली सतरंजी.

आमच्याकडे भावगीतं गायला एक काकू यायच्या. वय सत्तरीच्या पुढे. आवाज बारीक, पण सूर पक्का. काळी चारमध्ये गायच्या. लहानपणी गाणं शिकल्या होत्या, मग संसारात ते मागे पडलं आणि मुलाकडे इंग्लंडला आल्यावर पुन्हा सुरू झालं. कार्यक्रमाच्या आधी आठवडाभर त्या घरी रियाज करायच्या. त्यांच्या सूनबाई मला म्हणाल्या होत्या, "ते दोन शनिवार असतात म्हणून आई महिनाभर खुशीत असतात."

दोन वर्षांपूर्वी गणपतीत काकूंचं एक गाणं चुकलं. अंतऱ्यावर त्या सुरापासून जरा बाजूला गेल्या, मग थांबल्या, मग पुन्हा धरलं. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, पण त्या टाळ्या सांभाळून घेणाऱ्या होत्या. कार्यक्रम संपल्यावर मी केबल गुंडाळत होतो तेव्हा काकू जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "अरे, तुझा आवाज माझ्या पोटात येतो. पण माझा माझ्याच कानात येत नाही रे."

मी हसलो. म्हटलं, "काकू, पुढच्या वेळी तुमचा माइक वाढवायला सांगतो."

पुढच्या वेळी काकू आल्या नाहीत. गुडघे दुखतात म्हणाल्या. त्याच्या पुढच्या वेळीही गुडघेच दुखत होते. मी ते खरं मानलं, कारण तसं मानणं सोपं होतं.

२. फ्रिजएवढं स्वप्न

आता माझ्या सामानाविषयी सांगतो.

बेस गिटार हे तसं तरुण वाद्य आहे. पूर्वी तो खर्ज मोठ्या उभ्या डबल बेसवर वाजवायचे. १९५१ साली अमेरिकेत फेंडर कंपनीने प्रिसिजन बेस बाजारात आणला आणि पुढच्याच वर्षी त्याच्यासाठी बेसमन नावाचा ॲम्प्लिफायर काढला. त्यात पंधरा इंचांचा एकच स्पीकर होता. पुढे कार्यक्रम मोठे झाले, मैदानांवर व्हायला लागले. १९६९ मध्ये अँपेग कंपनीचा एसव्हीटी आला: तीनशे वॅटचा व्हॉल्व्हचा ॲम्प आणि त्याच्याबरोबर दहा इंचांचे आठ-आठ स्पीकर असलेले कॅबिनेट. असला एक कॅबिनेट जवळजवळ छातीपर्यंत येतो. वाजवणारे त्याला प्रेमाने 'फ्रिज' म्हणतात.

मी दादरला वाढलो. गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात बेसवाल्याच्या मागे उभा असलेला काळा खोका बघत मी मोठा झालो. त्यामुळे पैसे हातात आल्यावर मी काय घेतलं असेल ते ओळखा. फ्रिज नाही, पण अर्धा फ्रिज: दहा इंचांचे चार स्पीकर, वजन पस्तीस किलो, आठ ओम. त्याला चालवायला एक आधुनिक ॲम्प, जो डब्यापेक्षा थोडाच मोठा आणि तीन किलोच्या आतला. त्याच्या मागे लिहिलं होतं: आठ ओमला ३०० वॅट, चार ओमला ५०० वॅट, किमान चार ओम.

हे 'किमान' मी वाचलं होतं. पण मला वाटलं की ओम म्हणजे कायतरी ताकदीचं माप असणार, जास्त असेल तितकं भारी.

इतका मोठा कॅबिनेट असूनही माझी एक तक्रार होती. स्टेजवर मला माझे स्वर स्पष्ट ऐकू येत नसत. नुसता घुमारा यायचा. मी आवाज वाढवायचो, घुमारा वाढायचा. काकूंनी जे सांगितलं त्याचं मूळ इथेच होतं, पण मी त्याचा उलटा अर्थ काढला. मला वाटलं, स्पीकर कमी पडताहेत.

म्हणून मी साठ पौंडांना एक जुना कॅबिनेट घेतला. पंधरा इंचांचा एक स्पीकर, चार ओम.

३. बारा की पावणेतीन?

दिवाळीचा कार्यक्रम होता. मी ॲम्पमधून एक केबल पहिल्या कॅबिनेटला जोडली आणि पहिल्या कॅबिनेटच्या दुसऱ्या सॉकेटमधून एक केबल नव्या कॅबिनेटला. एकामागे एक, रेल्वेच्या डब्यांसारखं. माझी मुलगी सतरा वर्षांची आहे. सामान उचलायला तीच बरोबर असते. तिला मी ऐटीत समजावलं, "एकामागे एक जोडलं म्हणजे सिरीज. आठ अधिक चार, बारा. ॲम्पला किमान चार पाहिजे, आपण बारा दिले."

"बाबा, तुला खात्री आहे ना?" ती म्हणाली.

"शंभर टक्के."

पहिली चाळीस मिनिटं सगळं छान चाललं. नमन झालं, दोन भावगीतं झाली, एक नाट्यगीत झालं. मग कोळीगीत सुरू झालं, लोक नाचायला उठले आणि मी आवाज चढवला. दुसऱ्या कडव्यात माझा आवाज बंद पडला. एकदम. ॲम्पवर लाल दिवा लागला होता आणि त्याच्या पाठीला हात लावला तर चटका बसला.

बाकीचे चौघं वाजवत राहिले. मी हातात बेस घेऊन बावळटासारखा उभा. आणि तेव्हा एक गोष्ट कानावर आली, जी सांगायला मला आजही जड जातं. ढोलकी स्वच्छ ऐकू येत होती. पेटीची हरकत ऐकू येत होती. गाणाऱ्या मुलीचे शब्द शेवटच्या रांगेपर्यंत जात होते. माझ्याशिवाय गाणं जास्त चांगलं वाटत होतं.

घरी येताना गाडीत कोणी बोललं नाही. घर जवळ आल्यावर मुलगी म्हणाली, "काकूंचे गुडघे दुखत नाहीत, बाबा. मी त्यांना मागच्या आठवड्यात टाऊन सेंटरमध्ये बघितलं. जिना चढत होत्या."

४. पंप आणि नळ

सोमवारी मी ॲम्प आणि दोन्ही कॅबिनेट दुरुस्तीला घेऊन गेलो. दुरुस्ती करणारे गृहस्थ साठीचे, इंग्रज, कमी बोलणारे. त्यांनी आधी माझ्या केबल बघितल्या आणि त्यातली एक बाजूला ठेवली.

"ही गिटारची केबल आहे," ते म्हणाले.

दिसायला दोन्ही सारख्याच असतात, टोकाचा जॅकही तोच. पण गिटारच्या केबलमध्ये मधोमध एक बारीक तार असते आणि तिच्याभोवती बाहेरचा गोंगाट अडवायला जाळी असते. स्पीकरच्या केबलमध्ये दोन जाड तारा असतात, कारण तिच्यातून भरपूर करंट जायचा असतो. बारीक तारेतून तो नेला की तार तापते. "जिथे जमेल तिथे स्पीकॉनची केबल वापर," ते म्हणाले. "ती सॉकेटमध्ये घालून फिरवली की पक्की बसते. आणि मुख्य म्हणजे ती चुकून गिटारमध्ये जातच नाही."

मग त्यांनी मीटर घेतला. पहिल्या कॅबिनेटला लावला, आकडा सहाच्या आसपास. दुसऱ्याला लावला, तीनच्या वर. मी म्हटलं, "पण यावर आठ आणि चार लिहिलंय." ते म्हणाले, लिहिलेला आकडा ढोबळ असतो. स्पीकरचा रोध स्वरागणिक बदलतो, म्हणून त्याला नुसता रोध न म्हणता इम्पिडन्स म्हणतात. साधा मीटर त्यापेक्षा थोडं कमी दाखवतो. सहा दिसलं की आठ समजायचं, तीन दिसलं की चार.

"आणि दोन्ही मिळून किती होतात?" त्यांनी विचारलं.

"बारा," मी म्हटलं.

त्यांनी दोन्ही कॅबिनेट माझ्यासारखेच एकामागे एक जोडले आणि मीटर लावला. आकडा दोनच्या आसपास आला.

कॅबिनेटच्या मागची दोन सॉकेटं आतून एकमेकांना समांतर जोडलेली असतात. बाहेरून आपण डब्याला डबा जोडतो, पण आतून दोन्ही स्पीकर थेट ॲम्पलाच लागतात. ॲम्पच्या मागे दोन सॉकेटं असली तरी बहुतेक वेळा तेच. रांगेसारखं दिसतं म्हणून सिरीज होत नाही.

घरी आल्यावर मुलीने वहीत हिशेब मांडला. तिच्या फिजिक्सच्या अभ्यासक्रमातच होता. दोन स्पीकर समांतर जोडले की दोघांचा गुणाकार करायचा आणि त्याला बेरजेने भागायचं. आठ गुणिले चार, बत्तीस. आठ अधिक चार, बारा. बत्तीस भागिले बारा म्हणजे २.६७. ॲम्पला किमान चार पाहिजे होते, मी पावणेतीनसुद्धा दिले नव्हते.

"पण आकडा लहान झाला तर ॲम्पला सोपं पडायला पाहिजे ना?" मी विचारलं.

तिने जरा विचार केला. "आजीच्या सोसायटीतला पंप आठवतोय तुला? एक नळ उघडा असेल तर पंप आरामात चालतो. दोन उघडले तर जास्त पाणी जातं, पंपावर जास्त काम पडतं. सगळे उघडले तर..."

"ट्रिप होतो."

"तेच. ओम म्हणजे नळ किती आवळलाय ते. आकडा लहान म्हणजे नळ जास्त उघडा."

इतकी वर्षं वाजवतोय, पण हे मला असं कोणी सांगितलं नव्हतं. तिने वहीत पुढे एक तक्ता केला, तो मी अजून गिटारच्या पिशवीत ठेवतो. आठचे दोन, म्हणजे चार. आठचे तीन, म्हणजे पावणेतीनच्या आत. चारचे दोन, म्हणजे दोन. माझ्या ॲम्पला यातली पहिली जोडी चालते, बाकीच्या नाहीत.

दुसरीही एक गोष्ट त्या वहीतून कळली. चार आणि आठ ओमचे कॅबिनेट एकत्र जोडले की दोघांना सारखी ताकद मिळत नाही. चारवाला दुप्पट घेतो. म्हणजे माझ्या जुन्या, एकट्या पंधरा इंची स्पीकरला दोन तृतीयांश भार गेला आणि चार स्पीकरवाल्याला एक तृतीयांश. दुरुस्तीवाल्यांनी त्या स्पीकरचा पडदा बोटांनी हलकेच दाबून दाखवला होता. आतून खर्रर आवाज आला. आतली कॉइल तापून वाकडी झाली होती. ॲम्पने स्वतःला बंद करून वाचवलं. स्पीकरला तशी सोय नव्हती.

जाता जाता त्यांनी एक सावधगिरीची सूचना दिली होती. माझा ॲम्प ट्रान्झिस्टरच्या जातीचा आहे. त्याला सांगितल्यापेक्षा जास्त ओम दिले तर नुसती ताकद कमी मिळते, बिघडत काही नाही. पण जुन्या व्हॉल्व्हच्या ॲम्पला ट्रान्सफॉर्मर असतो. त्याच्या मागचा ओमचा खटका कॅबिनेटशी जुळवावाच लागतो, आणि स्पीकर न जोडता तो कधीही वाजवायचा नसतो.

५. वॅटचा भ्रम

आता प्रश्न असा, की स्पीकर कमी पडत नव्हते तर मला ऐकू का येत नव्हतं?

आधी वॅटबद्दल. मला वाटायचं, वॅट दुप्पट म्हणजे आवाज दुप्पट. तसं नाही. ताकद दुप्पट केली तर आवाज तीन डेसिबलने वाढतो. तीन डेसिबल म्हणजे लक्ष देऊन ऐकलं तर कळेल इतका फरक. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात, म्हणजे दहापट ताकद. ३०० चे ५०० वॅट झाले, तर नुसत्या त्या वॅटमुळे दोन-सव्वादोन डेसिबल वाढतात. एवढ्यासाठी मी ॲम्प तापवला होता.

त्यापेक्षा कॅबिनेटचा एक दुसरा आकडा महत्त्वाचा असतो. एक वॅट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, तो आकडा. समजा एक कॅबिनेट ९४ देतो आणि दुसरा १००. फरक सहा डेसिबलचा. पहिल्याने दुसऱ्याची बरोबरी करायची तर त्याला चौपट ताकद द्यावी लागेल. दुकानात लोक वॅट विचारतात, हा आकडा क्वचितच कोणी विचारतं. मीही विचारला नव्हता.

पण इथेही काही फुकट मिळत नाही. केएलएच या अमेरिकन स्पीकर कंपनीच्या संस्थापकांपैकी एक होते हॉफमन. पियानोवादक जोसेफ हॉफमन यांचे ते चिरंजीव. त्यांच्या नावाने एक नियम ओळखला जातो. खोल खर्ज, लहान खोकं आणि कमी ताकदीत मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच मिळतात. तिसऱ्यावर पाणी सोडावं लागतं. मोठ्या स्टेजवाले खोक्याचा आकार सोडतात, म्हणून 'फ्रिज' येतो. आमच्या चर्चच्या हॉलमध्ये मला कशावर पाणी सोडायचं हे ठरवायचं होतं, आणि उत्तर समोरच होतं. मला मोठा आवाज नकोच होता.

६. गुडघ्यांना कान नसतात

मग स्टेज. बेसची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की तिचा स्वर सेकंदाला ४१ कंपनांचा असतो. त्याची लाट हवेत सव्वाआठ मीटर लांब होते. आमचं स्टेज चार मीटरचं! इतकी लांब लाट कुठे एका दिशेला जात नाही. ती सगळीकडे पसरते, भिंतीवर आपटून परत येते, पोकळ फळ्यांना हलवते, आणि मागे बसलेल्या काकूंच्या पोटात जाते. बेसच्या स्वरात वरचाही एक भाग असतो. बोट तारेवर पडल्याचा टणकपणा त्यात असतो, कोणता स्वर आहे ते त्यावरून नीट कळतं. तो भाग मात्र टॉर्चच्या झोतासारखा सरळ पुढे जातो.

आणि माझा कॅबिनेट जमिनीवर, माझ्या पायाशी होता. तो स्पष्ट भाग माझ्या गुडघ्यांना ऐकू येत होता. कानापर्यंत फक्त घुमारा. मी आवाज वाढवायचो तो तो झोत ऐकू यावा म्हणून, आणि सगळा हॉल गढूळ करायचो. समोरचे लोक मला माझ्यापेक्षा चांगलं ऐकत होते, आणि नको इतकं ऐकत होते.

भर म्हणून मी कॅबिनेट कोपऱ्यात ठेवायचो, जागा वाचते म्हणून. कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळून खर्ज आणखी वाढवतात. म्हणजे मी तीन बाजूंनी काकूंना घेरलं होतं.

मी पस्तीस किलोचा कॅबिनेट विकला. त्या बदल्यात बारा इंचांचा एकच स्पीकर असलेला, तेरा किलोचा, आठ ओमचा कॅबिनेट घेतला. काही महिन्यांनी अगदी तसाच दुसरा. तीच कंपनी, तेच मॉडेल, तेच ओम. लहान जागी एक नेतो, ३०० वॅटवर, खुर्चीवर ठेवून थोडा मागे कलता, तोंड माझ्या कानाकडे. जागा मोठी असली तर दोन्ही नेतो. आठचे दोन म्हणजे चार, ॲम्प खूश, दोघांना सारखा वाटा, आणि खर्जात साधारण पाच डेसिबल जास्त. ते शेजारी-शेजारी न ठेवता एकावर एक ठेवतो. शेजारी ठेवले की वरच्या स्वरांच्या लाटा एकमेकींना कापतात आणि स्टेजवर दोन पावलं सरकलं तरी आवाज बदलतो. एकावर एक ठेवले की वरचा स्पीकर कमरेच्या वर येतो आणि मला ऐकू येतं. स्टेज पोकळ असलं तर खाली फोमचा जाड तुकडा. आणि भिंतीपासून, कोपऱ्यापासून जरा पुढे.

आता सामान उचलायला दोघं लागत नाहीत. एक मी, एक मुलगी.

७. काकूंच्या घरी

एवढं झालं तरी एक गोष्ट राहिली होती. ॲम्पशी कॅबिनेट जुळला, कॅबिनेटशी स्टेज जुळलं. पण आवाज किती ठेवायचा हे कोण ठरवणार? आत्तापर्यंत मीच ठरवत होतो.

मी काकूंना फोन केला. म्हटलं, "काकू, गाण्यासाठी नाही, एका मदतीसाठी येऊ का?"

मी एक कॅबिनेट घेऊन त्यांच्या दिवाणखान्यात गेलो. सूनबाईंनी चहा ठेवला. मी काकूंना म्हटलं, "तुम्ही नेहमीसारखं गा. माइक नको. मी हळूहळू आवाज वाढवतो. तुमचा सूर तुम्हाला ऐकू यायचा बंद झाला की हात वर करा."

"मला नाही त्यातलं काही कळत," त्या म्हणाल्या.

"मलाही कळत नव्हतं. म्हणून तर आलोय."

त्या गायला लागल्या. मी वाजवत होतो आणि माझ्या अंदाजाने अगदी बारीक आवाज होता. ॲम्पचं बटण मी नेहमी जिथे ठेवायचो, त्याच्या निम्म्यावरही गेलं नव्हतं. काकूंनी हात वर केला.

मी बटण जरा मागे घेतलं. त्यांनी पुन्हा धरलं आणि अंतरा पूर्ण केला. मी त्या जागी बटणाशेजारी पांढऱ्या पट्टीचा तुकडा चिकटवला.

काकू पदर सारखा करत म्हणाल्या, "गुडघे तसे बरे आहेत हो माझे."

"माहीत आहे, काकू," मी म्हटलं. "चूक माझी होती."

हॉल मोठा असला, माणसं जास्त असली, तर त्या पट्टीच्या थोडं पुढे जावं लागतं. फार मोठा असला तर ॲम्पमधून एक तार थेट हॉलच्या मुख्य स्पीकरना देतो. लोकांना तिथून ऐकू येतं आणि माझे कॅबिनेट फक्त स्टेजपुरते राहतात. पण सुरुवात मात्र त्या पट्टीपासूनच करतो.

गेल्या दिवाळीत काकू गायल्या. दोन गाणी ठरली होती, तीन झाली. कुठे सूर हलला नाही. शेवटी त्या माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "आज तू वाजवत होतास ना रे? मध्येच वाटलं, नाहीस की काय. पण खाली काहीतरी भक्कम होतं, त्यावर उभं राहून गाता येत होतं."

मी केबल गुंडाळल्या. मुलीने एक कॅबिनेट उचलला, मी दुसरा. बाहेर पाऊस होता. गाडीच्या डिकीत दोन्ही बसले आणि शेजारी काकूंच्या फराळाचा डबाही बसला. पूर्वी तो मला मांडीवर घ्यावा लागायचा.

शब्दांचे अर्थ

खर्ज: खालच्या पट्टीतले जाड, खोल स्वर
घुमारा: आवाज घुमत राहणं, स्पष्ट न कळणं
ढोबळ: अंदाजे, अगदी अचूक नसलेलं
पाणी सोडणं: एखादी गोष्ट मिळण्याची आशा सोडून देणं
सांभाळून घेणं: चूक दिसली तरी समजूतदारपणे वागणं
खटका: फिरवून किंवा दाबून बदलायचं बटण

विचार करा आणि सांगा

१. काकूंनी खरं कारण न सांगता गुडघ्यांचं नाव का सांगितलं असेल? तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केलं असतं?
२. लेखकाला वाटलं बारा ओम, प्रत्यक्षात होते पावणेतीनच्या आत. ही चूक कशी झाली ते तुमच्या शब्दांत सांगा.
३. एका ॲम्पची मर्यादा किमान चार ओम आहे. तुमच्याकडे सोळा ओमचे दोन आणि आठ ओमचा एक कॅबिनेट आहे. तिन्ही एकत्र जोडता येतील का? हिशेब करून दाखवा.
४. मुलीने पंपाचं उदाहरण दिलं. हीच गोष्ट समजावायला तुमच्या घरातलं एखादं दुसरं उदाहरण शोधा आणि पाच वाक्यांत लिहा.